रुतलेलें वाहन व पिकअपचें बळ

सोयाबीनची काढणी आणि हस्त नक्षत्राचा पाऊस हीं दोन्ही आपल्या लोहा तालुक्यांत बहुधा एकाच वेळीं येतात. पीक कापून रानांत पडलेलें असतें, मळणीयंत्र बांधावर येऊन थांबलेलें असतें, आणि आभाळ केव्हां फुटेल याचा नेम नसतो. अशा घाईंत भरलेली ट्रॉली, जीप किंवा मालमोटार काळ्या रानांत रुतून बसते आणि गांवांतील पिकअप तिला ओढून काढण्यासाठीं बोलावण्यांत येते.

पुढचा प्रकार बहुतेकांच्या परिचयाचा आहे. हातीं लागेल तो दोर हातीं लागेल तेथें बांधला जातो. पिकअपचा चालक गाडी जोरानें पुढें घेतो, तिचीं चाकें जागच्या जागीं फिरूं लागतात, आणि थोड्याच वेळांत एकाऐवजीं दोन वाहनें रुतलेलीं दिसतात. कधीं याहून वाईट घडतें. ताणलेला दोर तुटतो, त्याचें टोक चाबकासारखें मागें येतें, आणि मदतीस आलेल्याचा किंवा नुसत्या बघ्याचा हात, डोळा वा प्राण जातो. मालाचें नुकसान पुढच्या हंगामांत भरून काढतां येतें. हें नुकसान भरून येत नाहीं.

ही हानि टाळण्यासाठीं फार महाग यंत्रें लागत नाहींत. ओढीचें बळ कोठून येतें, तें कोठें खर्च होतें, व दोरावर किती ताण पडतो, एवढें नीट समजलें म्हणजे पुष्कळ काम होतें. तेंच येथें क्रमानें सांगण्याचें योजिलें आहे.

काळी जमीन वाहनास कां धरते

लोहा व कंधार या तालुक्यांतून बालाघाटाच्या डोंगररांगा जातात. उंचवट्यावर मुरमाड, बरड जमीन आणि ओढ्यांच्या व नद्यांच्या खोलगट भागांत भारी काळी जमीन, असें दोन्ही जातींचें रान येथें एकाच शिवारांत आढळतें. बरडावर पाऊस थांबतांच वाहन चालतें. काळींत चार दिवस थांबावें लागतें.

याचें कारण मातीच्या घडणींत आहे. काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेल्या या मातींत अतिसूक्ष्म चिकणकणांचें प्रमाण फार मोठें असतें. या कणांची रचना पापुद्र्यांसारखी असून पापुद्र्यांच्या मधल्या जागेंत पाणी शिरतें आणि कण फुगतो. पाणी उडून गेलें म्हणजे तोच कण आक्रसतो; उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेंच. ओली काळी माती वंगणासारखी निसरडी आणि गोंदासारखी चिकट, अशी एकाच वेळीं दोन्ही असते. टायरवरील खांचा तिच्यानें भरून गेल्या म्हणजे टायर गुळगुळीत होतो. शिवाय चाक खोल बसलें कीं ओली माती त्याला चोहों बाजूंनीं चिकटून घट्ट धरून ठेवते.

वाफसा आल्याशिवाय आपण रानांत औत घालीत नाहीं. चारपांच टनांची भरलेली ट्रॉली मात्र वाफशाची वाट न पाहतां त्याच रानांत घालण्यास आपण धजतों. रुतण्याचें खरें मूळ बहुधा या घाईंत असतें.

पिकअपची ओढ किती

पिकअपचें इंजिन मोठें असतें, तेव्हां तिची ओढही मोठी असणारच, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. इंजिनाचें बळ चाकापर्यंत पोंचतें, परंतु तें जमिनीस लावणें चाकाच्या पकडीवर अवलंबून असतें. माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत लाल कंधारी बैल पारखणारा जाणता शेतकरी वशिंड पाहतो तसे खूरही पाहतो. कारण खूर जमिनींत रोवला गेला नाहीं, तर खांद्यांतील बळ वायां जातें. पिकअपच्या चाकास हाच न्याय लागू आहे.

आपल्याकडील बहुसंख्य पिकअपांत इंजिनाचें बळ मागच्या दोनच चाकांस मिळतें. या चाकांवर जेवढें वजन असेल, त्यास जमिनीच्या पकडीच्या प्रमाणानें गुणलें म्हणजे गाडीची जास्तींत जास्त ओढ निघते. हें प्रमाण कोरड्या डांबरी रस्त्यावर सुमारें ०.७, दबलेल्या मुरमावर सुमारें ०.५ आणि ओल्या मातीवर ०.३ किंवा त्याहूनही कमी, असें स्थूलमानानें धरण्यास हरकत नाहीं.

आतां हिशेब करून पाहूं. रिकाम्या पिकअपचें वजन सतरा क्विंटल व त्यापैकीं मागच्या चाकांवर सात क्विंटल आहे, असें समजा. ओल्या मातीवर तिची ओढ ७०० गुणिले ०.३, म्हणजे अवघी २१० किलो होते. तीच पिकअप मुरमावर उभी केली, आणि हौद्यांत मागच्या आंसावर येईल अशा बेतानें दहा क्विंटल पोतीं भरलीं, तर मागच्या चाकांवर सुमारें सोळा क्विंटल वजन येतें आणि ओढ ८०० किलोंपर्यंत जाते. गाडी तीच, इंजिन तेंच. परंतु ओढ जवळजवळ चौपट झाली. गाडीच्या परवान्यांतील भारमर्यादा मात्र ओलांडूं नये, आणि पोत्यांऐवजीं माणसें हौद्यांत चढवून वजन वाढविण्याचा मोह तर मुळींच धरूं नये. दोर तुटला तर तीं माणसें त्याच्या माऱ्याच्या सरळ रेषेंत उभीं असतात.

दोन्ही चाकें कठीण जमिनीवर असणेंही अवश्य आहे. मागच्या आंसावर डिफरन्शियल नांवाचा दांतेरी चक्रांचा समूह असतो. त्याच्या योगानें दोन्ही चाकांस सारखेंच बळ मिळतें. एक चाक चिखलांत सुटें फिरूं लागलें म्हणजे कोरड्यावरील दुसऱ्या चाकासही तेवढेंच अल्प बळ मिळतें, आणि गाडी जागची हालत नाहीं.

रुतलेल्या वाहनास किती ओढ लागते

एक टनाची ओढ म्हणजे एक टनाचें ओझें विहिरींतून सरळ वर उचलतांना दोरावर येईल तेवढा ताण, असें येथें समजावें. कठीण सपाट रस्त्यावरील वाहन हलविण्यास त्याच्या वजनाच्या पंचविसाव्या हिश्श्याइतकी ओढ पुरते. उथळ चिखलांत तीच ओढ वजनाच्या सुमारें एकतृतीयांश होते.

वाहन खरोखर रुतलें असेल तर गणित एकदम बदलतें. अमेरिकन लष्कराच्या वाहनें बाहेर काढण्यासंबंधींच्या पुस्तिकांत एक सोपा ठोकताळा दिलेला आहे. चाक तुंब्यापर्यंत बुडालें असेल, तर वाहनाच्या पूर्ण वजनाएवढी ओढ लागते. तुंबा बुडून चिखल मडगार्डापर्यंत आला असेल तर वजनाच्या दुप्पट, आणि त्याहूनही वर, चालकाच्या खोलीपर्यंत आला असेल, तर तिप्पट. चढ असल्यास त्याची ओढ याशिवाय वेगळी.

ट्रॉलीचें स्वतःचें वजन दीड टन व तींत चाळीस क्विंटल सोयाबीन आहे, असें धरूं. एकूण साडेपांच टन झाले. ती तुंब्यापर्यंत रुतली, म्हणजे साडेपांच टनांची ओढ हवी. आणि ओल्या रानांतील रिकामी पिकअप दोनशें दहा किलोंची ओढ देते. इंजिनाचा कितीही गोंगाट केला तरी हें अंतर भरून निघणार नाहीं.

फावडें हेंच पहिलें यंत्र

येथें फावड्याचें व मजुरांचें महत्त्व लक्षांत येतें. ट्रॉली रिकामी केली म्हणजे साडेपांच टनांचे दीड टन राहतात. नंतर प्रत्येक चाकाच्या पुढची माती खणून काढून चाकाच्या तळापासून वर येणारा हलका उतार केला, चाकाच्या बाजूंची चिकटलेली माती मोकळी केली, आणि उतारावर मुरूम, विटांचे तुकडे, तुरीच्या पऱ्हाट्या किंवा जाड फळ्या अंथरल्या, तर चाक खड्ड्यांत अडकलेलें न राहतां उथळ चिखलांतील चाकासारखें होतें. मग लागणारी ओढ दीड टनाची एकतृतीयांश, म्हणजे अर्धा टन उरते. साडेपांच टनांवरून अर्ध्या टनावर हा उतार चार माणसें तासाभरांत साधूं शकतात. कोणत्याही पिकअपचें बळ अकरा पट वाढविण्याचा दुसरा उपाय नाहीं.

त्यांतच एक युक्ति आहे. ट्रॉलींतून उतरविलेलीं पोतीं ताडपत्रीवर ठेवण्यापेक्षां त्यांपैकीं दहा क्विंटल पोतीं थेट पिकअपच्या हौद्यांत भरावीं. एकाच हमालीनें रुतलेलें वाहन हलकें होतें आणि ओढणारें वाहन जड होतें. वरील हिशेबाप्रमाणें मुरमावरील भरलेली पिकअप ८०० किलोंची ओढ देते व ट्रॉलीस ५०० किलो पुरते. जें काम प्रथम अशक्य दिसत होतें तें आतां धक्का न देतां, सावकाश होतें.

खणण्यापूर्वीं वाहन हलणार नाहीं याची खात्री करावी. हातब्रेक लावावा, उताराच्या बाजूस दगड लावावे, आणि जॅकवर उचललेल्या वाहनाखालीं कोणीही शिरूं नये. ओल्या मातींत जॅकखालीं जाड फळी दिल्याशिवाय तो उभा राहत नाहीं.

रुतलेल्या मोटारीच्या किंवा जीपच्या टायरांतील हवा कमी केल्यानेंही मोठी मदत होते. एका चाकावर चारशें किलो भार आणि टायरांत चाळीस पौंड हवा असेल, तर टायर जमिनीवर सुमारें १४० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतो. हवा वीस पौंडांवर आणली तर तीच जागा स्थूलमानानें दुप्पट होते आणि चाक कमी खचतें. वाहन बाहेर आल्यावर मात्र हवा पुन्हां भरल्याशिवाय तें वेगानें चालवूं नये, आणि माल भरलेल्या वाहनाची हवा कमी करूं नये.

दोर, आंकडा व बांधणी

बहुतेक अपघात येथेंच होतात, म्हणून हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा.

तारेचा दोर बळकट असतो, परंतु तो ताणला जात नाहीं. सत्तावीस क्विंटल वजनाची भरलेली पिकअप ताशीं दहा किलोमीटर वेगानें निघाली आणि तारेच्या दोरानें तिला दहा सेंटिमीटरांत थांबविलें, तर दोरावर सरासरी दहा टनांहून अधिक ताण पडतो. तोच धक्का तीन मीटर ताणला जाणाऱ्या नायलॉनच्या दोरानें झेलला, तर सरासरी ताण सुमारें साडेतीनशें किलो व कमाल ताण त्याच्या दुपटीच्या आसपास राहतो. यावरून दोन नियम निघतात. तारेचा दोर किंवा साखळी असेल, तर झटका कधींही देऊं नये. दोर आधीं हळूहळू ताठ करावा व मगच ओढ घ्यावी. झटक्याची रीत या कामाकरितांच बनविलेल्या ताणदार नायलॉन दोरावांचून वापरूं नये, आणि तो असला तरी वेग माणसाच्या चालीपेक्षां फारसा वाढूं देऊं नये.

दोराची तुटण्याची मर्यादा रुतलेल्या वाहनाच्या वजनाच्या निदान दुप्पट ते तिप्पट असावी. गांठ मारल्यानें दोराचें बळ जवळजवळ निम्मे होतें. म्हणून दोन्ही टोकांस विणून केलेले फासे असावे आणि ते लोखंडी शॅकलनें अडकवावे. विहिरीच्या मोटारीस वर्षानुवर्षें बांधलेला, उन्हानें पांढरा पडलेला किंवा तंतु सुटलेला दोर या कामास घेऊं नये.

दोर कोठें बांधावा, याचा निर्णय करतांना एकच गोष्ट पाहावी: ती जागा चेसिसचा भाग आहे किंवा नाहीं. बंपर, स्टिअरिंगचे दांडे, पाट्यांची स्प्रिंग व आंस या जागा ओढीसाठीं नाहींत. ट्रॉली जोडण्याचा गोल गोळाही धोक्याचा आहे. तो तुटला म्हणजे दोरासह तोफगोळ्यासारखा सुटतो, आणि परदेशांत अशा गोळ्यांनीं माणसें मेल्याचीं उदाहरणें आहेत. लहान मोटारींस आट्यांनीं बसविण्याची जी कडी मिळते, ती सपाट रस्त्यावर सावकाश ओढून नेण्यासाठीं आहे. चिखलांतून उपसण्याच्या ताणासाठीं ती नव्हे.

दोर चेसिसच्या दोन बाजूंस बांधून मधून ओढावयाचा असल्यास त्याच्या दोन्ही फांद्या लांब ठेवाव्या. फांद्यांमधील कोन १२० अंश झाला, तर प्रत्येक फांदीवर पूर्ण ओढीएवढा ताण येतो. कोन साठ अंशांच्या आंत असल्यास तो सुमारें सहा दशांशांहून कमी राहतो.

दोर ताणण्यापूर्वीं त्याच्या मधोमध ओलें गोणपाट किंवा जाड घोंगडी टाकावी. दोर तुटल्यास या वजनामुळें तो जमिनीकडे खेचला जातो. सर्व माणसांनीं दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरावर, आणि दोराच्या रेषेंत नव्हे तर बाजूला, उभें राहावें. ताणलेल्या दोरावरून ओलांडून जाऊं नये. मुलांस घरीं पाठवावें. ही तमाशाची जागा नव्हे.

ओढण्याची रीत

(१) प्रथम सर्व माणसें उतरवावीं आणि एकाच माणसानें इशारा द्यावा, असें ठरवावें. दहा जण दहा प्रकारें ओरडूं लागले म्हणजे चालकाची बुद्धि गोंधळते. थांबण्याचा इशारा मात्र कोणीही दिला तरी पाळावा.

(२) वाहन ज्या चाकोरीनें आंत गेलें, त्याच चाकोरीनें मागें काढणें बहुधा सोपें असतें. कारण ती माती आधींच दबलेली असते. पुढें रान अधिक ओलें असतांना पुढें ओढण्याचा हट्ट धरूं नये.

(३) पिकअप रानांत न नेतां मुरमावर किंवा पक्क्या वाटेवर उभी करावी. अंतर भरून काढण्यासाठीं दोर लांब घ्यावा; वीस मीटरांचा दोर बरोबर असल्यास पुष्कळ वेळां पिकअपला चिखलांत उतरावेंच लागत नाहीं.

(४) ओढ शक्य तों सरळ रेषेंत असावी. बाजूनें ओढल्यास चाक खड्ड्याच्या भिंतींत रुततें आणि ओढणारी गाडीही कलंडूं शकते.

(५) दोर पिकअपच्या मागील आंकड्यास बांधून गाडी पुढच्या दिशेनें चालवावी. त्या वेळीं ओढीमुळें मागच्या चाकांवरील दाब वाढतो. मागें घेत पुढच्या आंकड्यानें ओढल्यास उलट परिणाम होतो.

(६) पहिल्या गिअरमध्यें, इंजिन हळू ठेवून, क्लच सावकाश सोडावा. चाकें फिरूं लागलीं कीं लगेच थांबावें. फिरणारें चाक ओढत नाहीं. तें स्वतःचा खड्डा खणतें.

(७) रुतलेल्या वाहनाचें इंजिन चालू करण्याजोगें असेल तर त्याच्या चालकानें त्याच वेळीं हलक्या पायानें साथ द्यावी. इंजिनांत पाणी शिरल्याची शंका असल्यास तें सुरू करूं नये. पाणी दाबलें जात नसल्यामुळें आंतले दांडे वाकतात व दुरुस्तीचा खर्च फार मोठा येतो.

(८) दोन किंवा तीन प्रयत्नांत वाहन हललें नाहीं, तर आणखी जोर न करतां पुन्हां फावडें हातीं घ्यावें.

कप्पीचा उपयोग

हिशेबानें पिकअपची ओढ थोडी अपुरी पडत असेल, तर कप्पी उपयोगीं पडते. दोराचें एक टोक चिंचेच्या किंवा बाभळीच्या भक्कम बुंध्यास जमिनीलगत बांधावें, दोर रुतलेल्या वाहनास अडकविलेल्या कप्पींतून फिरवावा आणि दुसरें टोक पिकअपला बांधावें. वाहनास पिकअपच्या ओढीच्या जवळजवळ दुप्पट ओढ मिळते; मात्र पिकअप दोन हात पुढें गेली म्हणजे वाहन एकच हात सरकतें. मोटेच्या चाकानें ही दुप्पट मिळत नसे, कारण तें चाक जागेवर स्थिर असे. येथें कप्पी वाहनाबरोबर हलते, हाच फरक आहे. कप्पी व तिचा आंकडा दुप्पट ताण सोसतील असेच असावे. झाडाच्या सालीस इजा होऊं नये व दोरही कापला जाऊं नये, म्हणून बुंध्याभोंवतीं गोणपाट गुंडाळावें.

हातानें चालविण्याची एक टनाची साखळीची कप्पी गॅरेजांतून मिळते. पिकअप पक्क्या जमिनीवर दगड लावून उभी करून तिचा केवळ खुंट्यासारखा उपयोग केला, आणि ओढ या कप्पीनें घेतली, तर काम हळू होतें, पण अतिशय सुरक्षित होतें. साखळीची लांबी थोडी असल्यानें मधून मधून बांधणी बदलावी लागते, एवढाच त्रास.

ट्रॅक्टर, विहीर व ओढा

ट्रॅक्टर रुतला असेल तर प्रथम ट्रॉली सोडवावी, ट्रॅक्टर एकटा काढावा व मागाहून ट्रॉली काढावी. रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांस लांकडी ओंडका बांधून तो स्वतःच्या बळानें काढण्याची जी पद्धति आहे, ती सोडून दिली पाहिजे. चाकास फिरतां आलें नाहीं, तर इंजिनाचें बळ ट्रॅक्टरचें धडच आंसाभोंवतीं फिरवूं लागतें. पुढचीं चाकें उचललीं जातात आणि सुमारें पाऊण सेकंदांत ट्रॅक्टर अशा स्थितींत जातो कीं क्लच दाबूनही तो मागें उलथण्यापासून वांचत नाहीं. ट्रॅक्टरनें दुसरें वाहन ओढतांनाही दोर खालच्या ड्रॉबारलाच बांधावा. आंसाच्या वर बांधलेला दोर हाच प्रकार घडवून आणतो.

आपल्या रानांतून कठडे नसलेल्या विहिरी पुष्कळ आहेत, आणि पावसानें विहिरीच्या कडेची माती ढिली होते. ४ एप्रिल २०२५ रोजीं नांदेड जिल्ह्यांतील आलेगांव शिवारांत मजूर स्त्रियांस नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरींत पडला व सात स्त्रिया मृत्यु पावल्या. तेथें ओढून काढण्याचा प्रसंग नव्हता. परंतु रान, ट्रॅक्टर व विहीर हीं तिन्ही जवळजवळ आलीं म्हणजे काय होऊं शकतें हें त्यानें दाखवून दिलें. ओढ सुरू करण्यापूर्वीं दोन्ही वाहनें दोर सुटल्यास कोठें जातील, हें पाहावें, आणि त्या बाजूस विहीर, नाला वा खोल चर असल्यास दिशा बदलावी.

वाहत्या पाण्यांत अडकलेल्या वाहनाविषयीं नियम वेगळा आहे. एक फूट वाहतें पाणी लहान मोटारीस तरंगवूं शकतें आणि दोन फूट पाणी पिकअपसकट बहुतेक वाहनें वाहून नेतें. ऑगस्ट २०२५ मध्यें मुखेड तालुक्यांत झालेल्या अतिवृष्टींत गांवें पाण्यानें वेढलीं गेलीं व बचावासाठीं लष्कराची तुकडी बोलवावी लागली. अशा पाण्यापुढें पिकअपचें बळ कांहींच नव्हे. ओढ्यांतून माणसें आधीं काढावीं, तींही जाणत्यांच्या मदतीनें. वाहन पाणी ओसरल्यावर काढावें. चिखल मडगार्डाच्या वर आला असेल तरीही पिकअपचा नाद सोडून जेसीबी बोलवावा. त्याचें भाडें मोडलेल्या चेसिसच्या खर्चाहून कमी पडतें.

वाहन बाहेर निघाल्यावर तें पक्क्या रस्त्यावरून ओढून न्यावयाचें असेल तर दोर आंखूड, पांच मीटरांच्या आंत असावा, त्यास लाल फडकें बांधावें व वेग ताशीं वीस किलोमीटरांच्या पुढें जाऊं देऊं नये. इंजिन बंद असल्यास ब्रेकची व स्टिअरिंगची मदत कमी मिळते, हें मागील चालकानें ध्यानांत ठेवावें. नांदेड-लातूर महामार्गावर चढण्यापूर्वीं दोघांच्याही चाकांचा चिखल काढावा. डांबरावर पडलेली काळी माती दुचाकीवाल्यास घसरवून पाडते.

गांवाचा सामाईक संच

वर सांगितलेलें साहित्य एकट्या शेतकऱ्यानें घेऊन वर्षांतून एकदां वापरावें, हें परवडणारें नाहीं. परंतु गांवांतील दहापंधरा बागायतदारांनीं किंवा शेतकरी संघानें मिळून एक संच ठेवावा, हें सहज शक्य आहे. त्यांत वीस मीटरांचा फासे विणलेला नायलॉन दोर, चार शॅकल, एक कप्पी, एक साखळीची कप्पी, दोन फावडीं, एक पहार, चार जाड फळ्या, एक हवा मोजण्याचें यंत्र व दोन जुनीं घोंगडीं एवढें असावें. हा संच कोरड्या व सावलीच्या जागीं टांगून ठेवावा. दर मृगापूर्वीं दोर तपासावा, आणि शंका येतांच तो बदलावा. संच नेणाऱ्यानें दोर धुऊन परत करावा, व पिकअपवाल्यास डिझेल व वेळेचा मोबदला ठरलेल्या दरानें द्यावा. शेजारधर्मानें आलेल्या माणसाची गाडी मोडली, तर खर्च कोणी करावयाचा, हेंही आधींच ठरलेलें बरें. पुष्कळ जुने स्नेह या एका प्रश्नावर तुटतात.

तथापि सर्वांत उत्तम उपाय म्हणजे वाहन रुतणार नाहीं अशी वाट करणें. पाणंद दोन्ही बाजूंस चर काढून, मध्यें उंच ठेवून, मुरूम टाकून दाबली, तर पाणी वाटेवर थांबत नाहीं आणि काळ्या मातीस फुगण्यास अवसरच मिळत नाहीं. राज्य शासनानें २०२१ मध्यें शेत व पाणंद रस्त्यांसाठीं मातोश्री ग्रामसमृद्धि योजना सुरू केली होती. योजनेचें नांव व नियम काळाप्रमाणें बदलतात, परंतु ग्रामपंचायतीचा ठराव व वाटेलगतच्या शेतकऱ्यांची संमति यांवांचून कोणतीच योजना शिवारांत उतरत नाहीं. ज्यांस वाटच नाहीं, त्यांस महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ अन्वयें बांधावरून वाट मिळविण्यासाठीं तहसीलदाराकडे अर्ज करतां येतो. आपल्याच शेताची कड दोन हात सोडण्यास जो नाखूष असतो, त्याचीच ट्रॉली हस्ताच्या पावसांत प्रथम रुतते, असें बहुधा दिसून येतें.

तेव्हां येत्या हंगामापूर्वीं प्रत्येक गांवानें दोन कामें करावीं: सामाईक संच तयार करावा आणि पाणंदीचा ठराव करून घ्यावा. आणि वाहन रुतलेंच, तर पिकअप बोलावण्याआधीं फावडें बोलवावें.